आतून कडी

९ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

पाकिटामागचा पत्ता वाचून तुम्ही बुचकळ्यात पडाल, म्हणून आधी तेच सांगतो. पत्ता मी काम करतो त्या दारं-खिडक्यांच्या कारखान्याचा आहे. उत्तर द्यावंसं वाटलं तर तिथंच पाठवा. घरी नको. फोनही नको, घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू येतं. त्याचं कारण पुढे लिहितो.

आपली छोटी मुंगी कशी आहे? अजून वस्तू ओढून नेते का? परवा कपाट सरकवलं तर मागे तिचा एक मोजा, चहाचा चमचा आणि बाबांचा कंडक्टरकीच्या दिवसांतला बिल्ला सापडला. बाबा तो बिल्ला निवृत्त झाल्यापासून शोधत होते आणि आईनं भंगारात दिला म्हणून तिच्यावर डाफरत होते. आता हातात घेऊन नुसते बसले. मोजा त्यांनी परत कपाटामागे ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

आम्ही सगळे ठीक आहोत. मीही ठीक आहे.

घरात एक बदल आहे. आता कुठल्याच दाराला कडी नाही. दादाचं ते झाल्यावर बाबा म्हणाले, "सगळ्या काढ." मी म्हटलं, "सगळ्या म्हणजे?" ते म्हणाले, "सगळ्या म्हणजे सगळ्या." दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर, बाथरूम, संडास. बाहेरच्या दाराला तेवढं कुलूप आहे आणि त्याची किल्ली आईकडे असते. स्क्रूची भोकं मी पुट्टी भरून बुजवली आणि वर रंगाचा हात दिला. सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही. काम स्वच्छ झालंय.

आंघोळीला गेलं की बोलत राहायचं असा नियम आहे. आई बाहेर स्टूल टाकून बसते.

"काय करतोयस?"

"आंघोळ."

"मग गप्प का?"

"तोंडाला साबण आहे."

"डोक्याला लाव आधी. तोंडाला शेवटी."

म्हणून मी आता पाढे म्हणतो. सतराच्या पाढ्यात अडकलो की आई बाहेरून पुढचं सांगते. बाबा संडासात बसून त्यांच्या जुन्या गाडीचे थांबे म्हणतात. दवाखाना, पाण्याची टाकी, पूल, गोदाम, शाळा. शेवटचा थांबा आला की बाहेर. पोट बिघडलेलं असेल त्या दिवशी परतीचे थांबेही ऐकू येतात. तुम्हाला हसू आलं तर हसा. आम्हाला आता येत नाही, सवय झाली.

पत्राचं कारण असं. एप्रिलमध्ये दादाला वर्ष होईल. त्या दिवशी तुम्ही मुंगीला घेऊन याल का? एक रात्र राहा. हे आईबाबांनी सांगितलेलं नाही, मीच लिहितोय. दादाच्या खोलीत कुणी जात नाही. त्याची ट्रंक तिथंच आहे, पलंग तिथंच आहे, दार सताड उघडं असतं आणि येताजाता आम्ही तिघं मान दुसरीकडे वळवतो. तेव्हापासून या घरात त्याचं नाव कुणी घेतलेलं नाही. तुम्ही आलात तर कुणीतरी घेईल.

तुमचा,
धाकटा


२ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल किंवा पोचूनही तुम्हाला आवडलं नसेल. मी कच्चं लिहून मग पक्कं करतो, तरी काहीतरी राहून जातं. तो संडासाचा मजकूर नको होता बहुतेक.

यायचं म्हटलं तर तुम्हाला जड जात असेल, हे मला कळतं. आई तुमच्याबद्दल काय बोलते ते तुमच्या कानावर आलंच असेल. बायको सोडून गेली म्हणून पोरगा गेला, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. बाहेर बाबांनी सांगितलंय की जिन्यावरून पाय घसरला. दोघं एकाच घरात राहून दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि एकमेकांना अडवत नाहीत.

मी मध्ये बोलत नाही. पण मला माहीत आहे. तुमची बॅग मीच उचलली होती. दादा दाराला टेकून तुम्हाला म्हणाला होता, "तू जा. मुंगीला घेऊन जा. मला माझाच भरवसा वाटत नाही." तुम्ही म्हणालात, "आपण पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ." तो म्हणाला, "जाऊ. तू आधी जा." मग त्यानं वाकून मुंगीच्या बुटाची नाडी बांधली. पलटणीत बांधतात तशी, दोन गाठींची. स्टँडवर पोचेपर्यंत मुंगीच बोलत होती.

कारखान्यात काम करताना मला तो आठवतो तो पलटणीतून कायमचा परत येण्याआधीचाच. सुट्टीवर आला की रविवारी सगळ्या घराचे बूट ओळीनं मांडून पॉलिश करायचा. शेजारच्यांचेही आणायचा. आई म्हणायची, "सरकारनं तुला बंदूक दिली का ब्रश?" तो म्हणायचा, "बंदूक महिन्यातून एकदा, ब्रश रोज."

कायमचा परत आल्यावर मात्र मागून कुणी आलेलं त्याला चालेना. म्हणून आपण सगळे शिकलो ना, दोन पावलं आधी थांबायचं आणि म्हणायचं, "मी आलो हं." बाबा दारावर दोनदा थाप मारायचे, गाडी सोडताना मारतात तशी. ती त्यांनी बंद केली. समोरच्या दुकानाचं शटर पडलं तेव्हा दादा मुंगीला कवेत घेऊन टेबलाखाली गेला होता. मुंगीला वाटलं खेळ आहे. पुढे कितीतरी दिवस ती टेबलाखाली जाऊन त्याला हाका मारायची आणि तो खोलीत जाऊन कडी लावून घ्यायचा.

आम्ही अजून म्हणतो, "मी आलो हं." सवयीनं. स्वयंपाकघरात जाताना मी म्हणतो आणि आई आत एकटीच असते. ती म्हणते, "ये."

सगळे म्हणतात मी दिवसेंदिवस त्याच्यासारखा दिसायला लागलोय. दूधवाला म्हणाला तर आईनं दूध घेणंच बंद केलं त्याच्याकडून.

बाकी ठीक.

धाकटा


२१ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. कारखान्यातल्या मिस्त्रींनी ते सगळ्यांसमोर वर धरून विचारलं, "बायकी अक्षर आहे. कोण रे ही?" मी म्हटलं, "वहिनी." ते म्हणाले, "मग लाजतोस कशाला?" मी म्हटलं, "लाजत नाही, घाबरलोय." तेव्हा त्यांनी गुपचूप दिलं आणि रंधा मारणाऱ्या पोरांना ओरडले की काम करा.

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात. एक अट आणि एक प्रश्न. प्रश्नाचं आधी सांगतो, नाहीतर टाळीन.

तुम्ही सरळ विचारलंत. "भाऊजी, तुमच्या मनात कधी तसं येतं का? तुमच्या दादांना मी हे कधी सरळ विचारलं नाही, शब्द जिभेवर यायचा आणि गिळायचे. म्हणून तुम्हाला विचारते. आत्महत्या हा शब्द लिहितेय, गिळत नाही."

मी पहिल्यांदा नुसतं "नाही" असं लिहिलं होतं. तो कागद फाडला. आता नीट लिहितो. मला मरावंसं वाटत नाही. मला कुठंतरी दार लावून बसावंसं वाटतं. एवढंच. कुणी "काय करतोयस" असं विचारू नये आणि मी काहीच करत नसावं. घरात सुरी आईच्या उशाखाली असते. कोबी चिरायचा तर आधी आईला उठवावं लागतं. मी उशिरा आलो तर बाबा स्टँडपर्यंत आलेले असतात आणि मला बघून असं दाखवतात की पाय मोकळे करायला निघाले होते, घरातल्या चपला घालून. हे सगळं माझ्यासाठी आहे हे मला कळतं. म्हणून रागावताही येत नाही. कारखान्यात तयार दारं भिंतीला टेकवून ठेवलेली असतात. जेवणाच्या सुट्टीत मी दोन दारांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. ताज्या लाकडाचा वास असतो. तिथं बरं वाटतं. मग भीती वाटते, की दादालाही आधी असंच नुसतं बसावंसं वाटलं असेल का? ही भीती मी आजपर्यंत कुणाला सांगितली नव्हती.

त्या प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय तसं मी इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांनीही तेच विचारलं, तुमच्याइतकंच सरळ. मी हेच सांगितलं. त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय.

आता अट. "त्या खोलीत मी आणि मुंगी झोपणार आणि आतून कडी लावणार. कडी असेल तर येते. नसेल तर येत नाही. वर्षभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रडायचं टाळलंय, तिथं तरी मला दार लावून रडू द्या."

वहिनी, मी कडी बसवू शकतो. हातासरशी होईल. पण बसवू द्यायला हवी ना. आईला ही गोष्ट सांगायची कशी, या विचारानं मला दोन दिवस जेवण गेलेलं नाही. माझं ताट तसंच बघून आई आणखीच घाबरली आहे.

धाकटा


११ मार्च

वहिनी,

बाबांशी बोललो. घरात बोलणं शक्यच नव्हतं. पण मी डबा विसरलो म्हणून ते कारखान्यात घेऊन आले. (डबा मी मुद्दाम विसरलो होतो.) आम्ही बाहेर फळ्यांच्या ढिगावर बसलो.

मी सांगितलं, वहिनींना बोलावलंय. ते डबा मांडीवर घेऊन बसले. मी सांगितलं, येते म्हणाल्यात, पण खोलीला आतून कडी पाहिजे. ते एकदम उठले.

"कडी लागणार नाही."

"एका रात्रीपुरती."

"एका मिनिटापुरती लागणार नाही. त्या दाराबाहेर मी उभा होतो. तू नंतर आलास. तू दार उतरवलंस. पण तुझ्या येण्यापर्यंत मी उभा होतो."

ते मोठ्यानं बोलले. इतकी वर्षं गाडीतल्या माणसांना "आत सरका, आत सरका" म्हणून कमावलेला आवाज आहे तो, वर्षभर दाबून ठेवलेला. आतून यंत्र बंद झालं. मिस्त्री दारात आले आणि परत गेले.

मग मी ते बोललो. म्हटलं, बाबा, वहिनी आपणहून गेल्या नव्हत्या. दादानं पाठवलं त्यांना.

ते म्हणाले, "माहीत आहे."

"कसं?"

"खिडकीत होतो. ऐकलं मी सगळं. नाडी बांधली तेही बघितलं."

मी म्हटलं, मग आई काय वाट्टेल ते बोलत असताना तुम्ही गप्प कसे बसता? ते म्हणाले, "कुणाला तरी बोल लावल्याशिवाय तिचा दिवस जाईना रे. मला लावला असता तर बरं झालं असतं. पण तिनं लावला नाही. मी वाट बघितली." डब्याचं झाकण ते उघडत होते आणि लावत होते. मग म्हणाले, "सून लांब होती. म्हटलं, तिला कुठं ऐकू जातंय."

मी म्हटलं, "जातं बाबा. सगळं जातं."

ते चालत घरी गेले. बसनं नाही. तुम्हाला हे लिहावं की नाही यावर मी खूप विचार केला. तुम्हाला राग येईल, यायलाच हवा. पण तुम्ही सरळ विचारता, म्हणून मीही सरळ लिहितोय.

कडीचं उत्तर अजून "नाही"च आहे.

धाकटा


१९ मार्च

वहिनी,

बाबांनी आईला सगळं सांगितलं, कडीचंही. कधी सांगितलं ते कळलं नाही. पण चार दिवसांपूर्वी मी आंघोळीला गेलो, सतराच्या पाढ्यात अडकलो आणि बाहेरून पुढचं आलंच नाही. मी ओल्या अंगानं दार ढकललं. आई स्टुलावर बसलेली होती. माझ्याकडे बघत होती पण मला बघत नव्हती.

"आई, सतरा साती?"

"मला नाही येत," ती म्हणाली.

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. बाबांना जेवायला वाढायची आणि ताट जरा जोरात ठेवायची. बाबा निमूट जेवायचे. मला उलट बरं वाटलं. बोल एकदाचा त्यांना लागला होता.

काल चहा पिताना ती एकदम म्हणाली, "थोरल्यानं पाठवलं तिला?"

"हो."

"मुंगी रडत होती?"

"नाही. बोलत होती. बसमध्ये खिडकी मिळेल का म्हणून."

"मिळाली?"

"मिळाली."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या कड्या कुठं आहेत?"

कड्या कारखान्यात एका डब्यात आहेत. मी सगळ्या तेल लावून ठेवल्यात, गंजू नयेत म्हणून. दादाच्या खोलीची त्यात आहे, पण ती वाकलेली आहे. मी आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "ती नको. नवी घे. आणि आधी तू बस आत. तिला कोंडायच्या आधी मला बघू दे मला जमतं का."

मी म्हटलं, "कोंडायचं नाही गं. ती आपली आपण लावणार."

"तेच ते," आई म्हणाली.

तेच ते नाही, वहिनी. पण मी वाद घातला नाही.

धाकटा


३० मार्च

वहिनी,

आज सुट्टी होती. सकाळी कडी बसवली. पितळी घेतली, साधी, सरकवायची. बाबा स्क्रू हातात धरून उभे होते आणि एकेक देत होते. शेवटचा त्यांनी दिलाच नाही. मी हात पुढे करून थांबलो. ते म्हणाले, "तीन स्क्रूवर राहणार नाही का?" मी म्हटलं, "राहील, पण हलेल." मग दिला.

जेवण झाल्यावर मी आत गेलो. आईनं स्टूल दाराशी आणलं. बाबा उभेच. आईनं विचारलं, "पाढे म्हणशील ना?" मी म्हटलं, "नाही. पाढे म्हटले तर बघायचं काय?" तिनं बाबांकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली. मी दार लोटलं आणि कडी सरकवली.

मी पलीकडे आईचा श्वास ऐकत होतो आणि ती माझा ऐकत असणार. खोलीत आता दादाचा वास नाही, बंद कपड्यांचा आहे. पलंग अजून त्यानं फिरवला तसाच आहे, उशी दाराकडे तोंड करून झोपता येईल अशी. भिंतीवर तो टेकून उभा राहायचा तिथं त्याचे खांदे घासून घासून पट्टा उमटलाय. मी त्याच्या उंचीचा अंदाज घेऊन तिथं पाठ टेकली. पट्टा माझ्या खांद्याच्या वर येतो. सगळे म्हणतात मी त्याच्यासारखा आहे. तो माझ्यापेक्षा चांगला उंच होता.

मग पलंगावर बसलो. कुणी काही विचारलं नाही. खिडकीतून उजेड येत होता आणि मी काहीच करत नव्हतो. वाटलं होतं रडू येईल. आली झोप.

पुढचं मला बाबांनी सांगितलं. आत चाहूल बंद झाली तशी आई उठली. तिनं हाक मारली, मी ओ दिली नाही. पुन्हा मारली. ती म्हणाली, "तोडा. दार तोडा." आणि स्वतःच खांदा लावायला गेली. बाबांनी तिला मागून धरलं. म्हणाले, "थांब. कान लाव."

"काय लाव? आवाज नाहीये!"

"लाव तर."

दोघांनी दाराला कान लावले. माझे आईबाप, एकमेकांसमोर तोंड करून, एका फळीला कान लावून उभे. दार मीच बनवलेलं आहे, त्या दिवशी जुनं मोडलं म्हणून दुसऱ्यांदा. फळी पातळ आहे.

"घोरतोय," बाबा म्हणाले.

आई ऐकत राहिली. मग बाबा म्हणाले, "अगदी थोरल्यासारखा. ट्रक चढावर लागल्यागत." आणि त्यांनी त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, शाळेच्या दाखल्यावर आहे तसं.

मला जाग आली ती आईच्या आवाजानं. रडतेय असं वाटून मी धडपडत उठलो आणि कडी काढली. ती हसत होती. पदराचा बोळा तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग ते पाणी वेगळं झालं. बाबांनी तिला स्टुलावर बसवलं. दोघं माझ्याकडे असं बघत होते, जणू मी गावाहून आलोय.

"तोंड धू," आई म्हणाली. "लाळ आलीय."

बाथरूममध्ये गेलो. मी पाढे म्हटले नाहीत. बाहेरून कुणी विचारलं नाही. कान मात्र दाराशी होते, ते मला आतूनही कळत होतं.

धाकटा


५ एप्रिल

वहिनी,

येते म्हणून तुमचं कार्ड मिळालं. बाबा तुम्हाला घ्यायला स्टँडवर येतील. गाडी वेळेआधी पोचली तरी ते तिथं असतील, कालपासूनच घरात येरझारा चालल्यात. त्यांना काय बोलायचंय ते मला माहीत नाही. त्यांना जमलं नाही तर रागावू नका, किंवा रागावा, पण त्यांच्यासमोरच रागावा.

कडी नवी आहे म्हणून जरा घट्ट बसते. दार किंचित उचलून सरकवा. बाकीच्या दारांना अजून कड्या नाहीत. आई म्हणाली, एकावेळी एक. बाथरूममध्ये गेलात तर काहीतरी गुणगुणत राहा, नाहीतर ती हाक मारेल.

खोलीची कडी तुम्ही हवी तेव्हा लावा आणि हवी तेव्हा काढा. आम्ही आधी "मी आलो हं" म्हणू आणि बाहेर थांबू. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. आई मात्र दाराशी स्टूल टाकून बसणार, तेवढं चालवून घ्या. विचारणार काही नाही, तसं कबूल केलंय तिनं. नुसती ऐकणार.

मुंगी घोरते का हो? घोरत असेल तर आईला फार बरं पडेल.

धाकटा